वास न येणारी चाळ

देवळ्यात कोणालाही रस्त्यात थांबवून साठवणुकीबद्दल विचारा, तो अर्धा तास घेतल्याशिवाय सोडणार नाही. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून जो कसमादे पट्टा होतो, तिथे पोरगं चालायला लागतं आणि कांद्याच्या चाळीत शिरतं, यात फारसं अंतर पडत नाही. उन्हाळ कांदा निघाला की तो चाळीत जातो आणि पुढचे चार-सहा महिने अख्खं घर त्या लांबट, जाळीदार खोलीकडे तोंड करून बसतं. चाळ जमिनीपासून उचललेली हवी, म्हणजे खालून वारा खेळतो. थर चार-पाच फुटांच्या वर नको, नाहीतर खालचा दबून सडतो. कांदा पातीसकट सुकवून, मान मिटल्यावरच कापलेला हवा. जोड कांदा, डेंगळे, गोल्टी आधीच बाजूला काढलेली हवी. एवढं सगळं साग्रसंगीत करूनही दिवाळीपर्यंत कुठे पाणी सुटतं, कुठे काजळी धरते, कुठे कोंब येतात आणि भरलेल्या मालातला तिसरा हिस्सा हिशोबातून उडतो. त्याचं इथे कोणी सुतक पाळत नाही. ‘घट’ हा देवळ्यात हिशोबातला शब्द आहे, चाळ भरतानाच तो मनात धरलेला असतो.

आता हाच माणूस कॉम्प्युटरच्या दुकानात एसएसडी घ्यायला जातो तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं असतं. बियाणं घेताना त्याने एन-२-४-१ की अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड, कोणाच्या घरचं, गेल्या साली त्याच्या वावरात डेंगळे किती निघाले, अशी चौकशी केलेली असते. मुलीला स्थळ पाहतानाही एवढी होत नाही. दुकानात मात्र तो दोनच प्रश्न विचारतो: किती जीबी? आणि, कितलाले? दुकानदार काचेच्या कपाटातून एक चपटी डबी काढतो, “एक नंबर चालते, साहेब,” म्हणतो, आणि त्या डबीत लग्नाच्या अख्ख्या सीझनचं शूटिंग, पतसंस्थेची दहा वर्षांची खतावणी किंवा शाळेचे सगळे निकाल जाऊन बसतात. डबीचं वजन एका मध्यम कांद्याहून कमी. कांद्याला विचारले त्याच्या दहावा हिस्सा प्रश्न तिला कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की स्वस्त एसएसडी टाकाऊ असते हा समज चुकीचा, आणि ती भरवशाची असते हा समज त्याहून चुकीचा. ती चाळ आहे. आपण तिला बँकेचं लॉकर समजून वागतो, आणि मग एके सकाळी कॉम्प्युटर “अशी कुठली डिस्क मला माहीत नाही” असं निर्विकारपणे सांगतो तेव्हा दुकानदाराच्या, कंपनीच्या आणि चीनच्या नावाने बोटं मोडतो.

डबी उघडून पाहिली तर पहिला धक्का रिकामेपणाचा बसतो. अडीच इंची खोक्याच्या आत पाटी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची, बाकी हवा. वाणी खोबऱ्याच्या बरणीत खाली कागद भरतो, तसला प्रकार. त्या पाटीवर दोन-चार काळ्या चिपा असतात. त्यांतल्या बहुतेक म्हणजे फ्लॅश, म्हणजे गोदाम. आणि एक असतो कंट्रोलर, म्हणजे त्या गोदामाचा दिवाणजी. कोणता माल कोणत्या खणात ठेवला, कोणता खण झिजला, कोणता बाद झाला, हे फक्त त्यालाच ठाऊक. महागड्या एसएसडीत त्याच्यासमोर टेबलावर खतावणी उघडी असते, तिला डीरॅम म्हणतात. स्वस्त डबीत कंपनीने टेबलच काढून टाकलेलं असतं. खतावणी गोदामातच कुठेतरी ठेवलेली, आणि प्रत्येक नोंदीसाठी दिवाणजी उठून आत जातो. नवीन प्रकारच्या काही एसएसडी कॉम्प्युटरच्या मेमरीतला एक कोपरा उसना घेऊन वेळ मारून नेतात. जुन्या साटा पद्धतीच्या स्वस्त डबीला ती उसनवारीही मिळत नाही.

गोदामाचे खण म्हणजे माठ समजा. प्रत्येक माठात विजेचं पाणी. सुरुवातीच्या काळात एका माठाने एकच गोष्ट सांगायची: भरलेला की रिकामा. हे उंबऱ्यावरूनही कळतं. मग एकाच माठात जास्त माहिती कोंबायची टूम निघाली. आज बाजारात सरसकट मिळणाऱ्या टीएलसी प्रकारात माठावर पाण्याच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, आणि त्याहून स्वस्त क्यूएलसी प्रकारात १६. माठ तोच, रेघा सोळा. त्यात माठाचा धर्मच पाझरण्याचा, आणि ऊन वाढलं की जास्त पाझरण्याचा. भरलेला की रिकामा एवढंच विचारलं तर थोडं पाझरल्याने काही बिघडत नाही. अकरावी रेघ की दहावी, असं विचारलं तर दिवाणजी चष्मा पुसायला लागतो. शिवाय भरण्या-उपसण्याने माठ झिजतो. एकपातळी माठ लाखभर वेळा भरता यायचा. टीएलसी साधारण हजार ते तीन हजार वेळा, आणि क्यूएलसी त्याहून कमी.

इथे घाबरट माणूस टुणकन उडी मारून म्हणतो, म्हणजे ती लवकर झिजून मरणार! नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. किंग्स्टनच्या ए-४०० या स्वस्तातल्या लोकप्रिय मालिकेत २४० जीबीच्या डबीला कंपनी ८० टीबी लिखाणाची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं, आणि घरगुती वापरात एवढं लिहायला बराच उद्योग लागतो, तरी ४,००० दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. तोवर लॉकडाउनमध्ये घेतलेला लॅपटॉप स्वतःच भंगारात गेलेला असेल. ‘टेक रिपोर्ट’ या अमेरिकी प्रकाशनाने २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडींवर मरेपर्यंत लिहीत राहण्याचा प्रयोग केला. सगळ्या ग्राहकांसाठीच्या, २४० ते २५६ जीबीच्या. सहाच्या सहा ७०० टीबीपर्यंत पोचल्या. शेवटची २,४०० टीबी ओलांडून गेली. लिहून लिहून एसएसडी मारायची म्हणजे देवळ्याच्या बसस्टँडवर पुड्या विकून कांद्याचं सगळं पीक संपवायचं.

मात्र त्याच प्रयोगातली एक मेलेली डबी मला फार बोलकी वाटते. इंटेलची ३३५ मालिकेतली ती डबी ७०० टीबीनंतर ठरल्याप्रमाणे लिहिणं थांबवून बसली. इथवर सगळं शहाण्यासारखं. पण कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर ती दिसेनाशीच झाली. चाळीत शिरून “बस, आता नवा माल नको” म्हणणारा दिवाणजी दुसऱ्या दिवशी चाळीसकट गायब!

एसएसडीच्या भरवशाचा खरा प्रश्न हा आहे. ती किती जगते याला फार महत्त्व नाही, ती मरते कशी याला आहे. गोदाम शाबूत असतं, माठ भरलेले असतात, दिवाणजी मात्र झोपेत जातो. दिवाणजी गेला की कोणता माठ कोणाचा हे सांगणारं कोणी उरत नाही, कारण माल त्याने स्वतःच्या सोयीने शंभर जागी विखरून ठेवलेला असतो. चाळीचं तसं नाही. चाळ आधी नाकाला सांगते. सकाळी दार उघडलं की भपकारा येतो, मग एखादी बाजू ओलसर दिसते, चिलटं उठतात. माणूस आत हात घालून पाणी सुटलेला कांदा उपसतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत भरून उमराण्याच्या लिलावात नेतो. जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा घरातल्या म्हाताऱ्यासारखी असायची. मरायच्या आधी महिनाभर खोकायची, कटकट करायची, घरघर लागायची, लेकीबाळींना निरोप धाडायला वेळ द्यायची. एसएसडीला वास नाही, आवाज नाही. मृत्यूच्या आदल्या संध्याकाळी ती नेहमीसारखी दहा सेकंदांत विंडोज उघडून देते.

याला उत्तर म्हणून तंत्रज्ञ मंडळी हेल्थ दाखवणारं सॉफ्टवेअर पुढे करतात. निळ्या चौकोनात ‘चांगली, ९८ टक्के’ असं लिहून येतं आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो. ते ९८ टक्के बव्हंशी माठांच्या झिजेचे असतात. दिवाणजीच्या छातीत कळ येते आहे का, हे माठ मोजून कसं कळणार? गूगलच्या डेटा सेंटरमधल्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये एक निबंध मांडला. त्यात दिसलं की चार वर्षांत बदलाव्या लागलेल्या फ्लॅश ड्राइव्ह ४ ते १० टक्के, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा बऱ्याच कमी. पण निदान एकदा तरी दुरुस्त न होणारी चूक केलेल्या २० टक्क्यांहून जास्त. थोडक्यात, माणूस क्वचित मरतो, पण मधूनमधून एखादी गोष्ट कायमची विसरतो. आणि यंत्राचं वय हे झिजेपेक्षा निराळं, स्वतंत्र कारण ठरलं.

आता खिसा गरम असलेला वाचक म्हणेल, मग महागातली घ्या, विषय संपला. त्याच निबंधात दुसरी गंमत आहे: एकपातळी माठांच्या महागड्या ड्राइव्ह स्वस्त जातीपेक्षा जास्त भरवशाच्या निघाल्या नाहीत. इतिहास तर श्रीमंतांची फजिती सांगायला टपलेलाच आहे. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही ड्राइव्ह वीज गेल्यावर परत उठल्या त्या आपली क्षमता ८ एमबी सांगत. पाटलाने जमीन किती विचारल्यावर तुळशीवृंदावन दाखवावं, तसं. क्रुशलची एम-४ चालू स्थितीतले ५,१८४ तास भरले की दर तासाला कॉम्प्युटर पाडायची. २०१२ च्या सुरुवातीला दुरुस्ती आली. आणि एचपीईने २०१९ मध्ये आपल्या गिऱ्हाइकांना कळवलं की सर्व्हरसाठीच्या काही ड्राइव्ह ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, डेटासकट कायमच्या जातील. पंचांग पाहून मरणाची वेळ सांगणारे ज्योतिषी आपल्याकडे पुष्कळ झाले, पण तासावर बरोबर येणारे हे पहिलेच. कारण साधं: तास मोजायच्या आकड्याला जागा कमी ठेवली होती. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या ड्राइव्ह एकाच दिवशी जाणार, त्यामुळे एकीची प्रत दुसरीवर ठेवण्याची हुशारीही पाण्यात.

मग जास्तीच्या पैशांत मिळतं काय? मिळतं, नाही असं नाही. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओला २५० जीबीत १५० टीबी आणि पाच वर्षांची वॉरंटी आहे; स्वस्त डब्यांना बहुधा तीन. मुख्य म्हणजे आत काय आहे याची थोडीफार शाश्वती मिळते. स्वस्ताईचा खरा रोग इथे आहे. २०२० मध्ये क्रुशलची पी-२ बाजारात आली तेव्हा तपासणाऱ्यांना आत टीएलसी मिळाली. वर्षभरात त्याच नावाच्या, त्याच खोक्यातल्या डबीत क्यूएलसी निघाली. किंग्स्टनच्या व्ही-३०० ने त्याच्या काही वर्षं आधी आतला फ्लॅश असाच बदलला होता. २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या एसएन-५५० चं तेच झालं आणि कंपनीला पुढे अशा बदलाला नवा मॉडेल नंबर देऊ असं सांगावं लागलं. गोणीच्या तोंडाशी सुपर कांदा आणि पोटात गोल्टी, हा प्रकार आपल्याकडे लिलावात उघडा पडतो. व्यापारी गोणी ओतायला लावतो, ट्रॉलीत हात कोपरापर्यंत घालतो आणि शेतकऱ्याच्या तोंडावर भाव पाडतो. एसएसडीची गोणी ओतून दाखवायला सांगणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे. सील फोडलं की वॉरंटी गेली.

क्यूएलसीची आणखी एक खोड लग्नसराईत फोटो स्टुडिओवाल्यांच्या अंगावर येते. डबीचा थोडा भाग एकपातळी माठांसारखा वापरून कंपनी सुरुवातीचा वेग दाखवते. तो भाग भरला की खरी चाल दिसते. सॅमसंगच्या १ टीबी ८७० क्यूव्हीओचा तो नंतरचा वेग सेकंदाला ८० एमबी, हे कंपनीनेच छापलेलं आहे. आधीचा ५०० च्या वर. शूटिंगचं मोठं फोल्डर टाकलं की पहिली काही मिनिटं भावडबारी उतरणारा रिकामा ट्रॅक्टर, पुढे तोच घाट भरल्या ट्रॉलीनिशी चढणारा. ऑपरेटरला वाटतं डबी बिघडली. बिघडलेली नसते; जाहिरातीत फक्त उतार दाखवलेला असतो.

आता लाइट. आपल्याकडे वीज किती वेळा आणि कोणत्या क्षणी जाते यावर मी बोलणार नाही, लेखाची लांबी ठरलेली आहे. पण दिवाणजी नोंद करत असताना दिवा गेला तर काय होतं, हे ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मुद्दाम वीज तोडून पाहिलं. १५ एसएसडींपैकी १३ नी काही ना काही गडबड केली; एकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा डेटाच हाती लागेना. तिसरा हिस्सा! देवळ्यात हा आकडा ऐकून कोणी दचकणार नाही, “म्हणजे चाळीएवढीच घट की,” म्हणेल. महाग सर्व्हर-ड्राइव्हमध्ये दिवाणजीला शेवटची ओळ पुरी करता यावी म्हणून छोटे कपॅसिटर असतात. स्वस्त डबीत कंपनी तेवढ्यासाठी तेल घालत नाही. त्यामुळे दुकानात इन्व्हर्टर असणं हे पंख्यापेक्षा एसएसडीच्या दृष्टीने जास्त गरजेचं आहे.

काही शहाणे म्हणतात, आम्ही वापरतच नाही, महत्त्वाचं सगळं एका एसएसडीवर भरून कपाटात ठेवलंय. मालेगावच्या शेजारच्या गावात, पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात! जेडेक या संस्थेचं मानक घरगुती एसएसडीकडून एवढंच मागतं, की लिखाणाची हमी पुरी वापरून झालेली असताना, वीज न देता, ३० अंश तापमानात डेटा एक वर्ष टिकावा. नवी डबी याहून बरीच जास्त टिकते, हे खरं. पण तापमान चढेल तशी मुदत घटते, आणि आपला एप्रिल-मे चाळिशीला टेकलेला असतो. ज्याने चाळीला खालून वारा द्यायची काळजी घेतली, त्यानेच मुलीच्या लग्नाचे फोटो लोखंडी कपाटात भाजायला ठेवावेत!

बनावट मालाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे विनोद आपोआप होतो. ऑनलाइन हजार-दोन हजारांत १६ टीबीची म्हणून मिळणारी पोर्टेबल एसएसडी उघडली की आत मोबाइलचं मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं सापडतं. जागा संपली की ते जुन्यावर नवं लिहीत जातं आणि फोल्डरची नावं मात्र सगळी दाखवत राहतं. जेवणावळीत पंगत उठली तरी पत्रावळी मोजून समाधान मानणाऱ्या यजमानासारखं.

राहिला भाव. एसएसडीचा बाजार कांद्याचा जुळा भाऊ आहे. २०२३ मध्ये फ्लॅशचे भाव इतके पडले की सॅमसंगसारख्या कंपनीला उत्पादन कमी करावं लागलं; त्याच साली ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि डिसेंबरात निर्यातबंदीच आली. पुढे फ्लॅश चढला, २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी तो आणखी चढवला. फरक एवढाच, की भाव पडल्यावर फ्लॅशवाले लागवड कमी करतात आणि भाव चढतो. कांदावाल्याने तेच केलं तर भाव चढल्या दिवशी दिल्लीला त्याची आठवण होते.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र गरिबाचा आहे: आम्हाला हेच परवडतं, तुम्ही घाबरवता कशाला? त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पाच मिनिटं उघडायला घेणारा जुना लॅपटॉप स्वस्त एसएसडीने पोरासारखा धावायला लागतो; पैशाला एवढा गुण देणारी दुसरी वस्तू त्या दुकानात नाही. बॅकब्लेझ ही साठवणुकीचा धंदा करणारी कंपनी आपल्या मशीन सुरू करणाऱ्या एसएसडींची वर्षाला मोडतोड एक टक्क्याच्या आसपास सांगते, म्हणजे शंभरात एखादी. स्वस्त घ्यावी, खुशाल घ्यावी. विंडोज, टॅली, सिनेमे, जे परत आणता येतं ते तिच्यावर भरावं. थोडी जागा रिकामी ठेवावी, थर फार चढवू नये. जे परत येत नाही, म्हणजे लग्न, आजीचा आवाज, सभासदांच्या ठेवी, त्याची एक प्रत खोकणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर, क्लाउडवर किंवा नाशिकच्या मेहुण्याकडे. असं सांगितलं की लोक म्हणतात, एवढा उपद्व्याप कोण करतो? तोच माणूस सहा महिन्यांत चारदा चाळ उपसतो.

आणि कोणी म्हणेल, वॉरंटी आहे ना! आहे. कंपनी तीन वर्षांच्या आत गेलेली डबी बदलून नवी, स्वच्छ, पूर्ण रिकामी डबी देते. सडलेल्या मालाच्या बदल्यात कोरं बारदान. त्यासाठी फक्त बिल लागतं. बिल येतं उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर, जो देवळ्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कोराकरकरीत होतो. लोक हुशार असतात, त्यांना हे माहीत असतं. म्हणून ते घेतल्या दिवशीच बिलाचा फोटो काढतात आणि नीट ‘वॉरंटी’ नावाचं फोल्डर करून त्याच डबीत जपून ठेवतात.